घड की बाळी

वेलीच्या काडीवर पेरागणिक एक फुगवटा असतो. त्याला आम्ही डोळा म्हणतो. एका डोळ्यात तीन कोंब दडलेले असतात. मधला मोठा. तो मेला तरच बाजूचे फुटतात.

*

पोर्तुगाल आपल्या मागे आहे. उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच.

*

"पण तुडवायच्या आधी पाय धुतात का?" नानांनी विचारलं. मला. तिला नाही.

*

दाढीचं ब्लेड कागदातून न काढता वाकवलं की मधोमध उभं मोडतं. अर्धं ब्लेड बोटांत नीट बसतं. पूर्ण ब्लेडने डोळा चिरायला गेलं की बोट चिरतं.

*

आमच्या घरात कुणी दारूला शिवलेलं नाही. नाना, माझे वडील, माळकरी. त्यांच्या मळ्यात एक एकर वाईनची द्राक्षं होती.

*

थंड देशातली वेल हिवाळ्यात पानं टाकते आणि झोपते. आपल्याकडे तेवढी थंडी पडत नाही, म्हणून तिला झोप नाही. आपण वर्षातून दोनदा कात्री लावून तिला सांगतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. एप्रिलात कापतो ते काड्यांसाठी. ऑक्टोबरात कापतो ते फळासाठी.

*

घड आणि बाळी सुरुवातीला एकच असतात. बाळी म्हणजे तारेला धरून चढायला वेल जो दोरा काढते तो. एप्रिल छाटणीनंतर, नव्या काडीच्या डोळ्याच्या आत, मोहरीहून लहान एक गोळा तयार होतो. त्याचं काय व्हायचं ते काही दिवस ठरलेलं नसतं. ऊन मिळालं, वेल खाऊनपिऊन सुखी असली, तर घड. नाहीतर बाळी. एकदा बाळी ठरली की तिचा घड होत नाही.

*

सप्टेंबरातला रविवार होता. चौदा वर्षं झाली. दगूकाका चपला न काढताच ओट्यावर येऊन बसले, म्हणजे बोलणं लवकर संपवायचं होतं. नाना छाटणीच्या कात्र्यांना धार लावत होते. दगूकाका म्हणजे नानांचे धाकटे भाऊ. मळा सामाईक, विहीर सामाईक, भांडणंही सामाईक.

"कलमवाले बुधवारी मोकळे आहेत," काका म्हणाले. "मी सांगून ठेवलंय."

"कशाला?"

"कशाला काय, दादा. शिराझला. बुंध्याशी कापू, वर थॉमसन बांधू. दोन वर्षांत माणसांनी खायची द्राक्षं येतील."

"आत्ता काय जनावरं खातात?"

"आत्ता कुणीच खात नाही. तेच तर म्हणतोय."

शिराझ ही वाईनची काळी जात. तो एकर माझ्या थोरल्या बहिणीने लावला होता, वैजूताईने. ती नाशिकजवळच्या एका वाईनरीत कामाला होती. त्या वर्षी मे महिन्यात ती पोर्तुगालला गेली, एका नदीकाठच्या गावात, सहा महिन्यांच्या करारावर. नानांशी तिचं बोलणं बंद होतं. तिचा फोन यायचा तो माझ्या मोबाईलवर.

नानांनी कात्रीचं पातं अंगठ्यावर घासून बघितलं.

"डोळे तपासू," ते म्हणाले. "घड असले तर बाग ठेवायची. नसले तर बुधवारी आण तुझी माणसं."

"शब्द?"

"शब्द."

"तपासणार कोण?"

"कुंदा."

काका माझ्याकडे वळले. मी दारात चहाची कपबशी घेऊन उभी होते. "ही? ही बहिणीच्या बागेचं खरं लिहील?"

"घरात शिकलेली पोरगी असताना काड्या बाहेर कशाला न्यायच्या?"

"कुंदे, खरं लिही हं. तुझ्या लग्नात मला मांडवात ताठ फिरायचंय."

"आधी मुलगा तरी बघा, काका."

"बघतोय की. जिथं जातो तिथं आधी विचारतात, थोरलीचं काय झालं."

नानांनी दगडावर पुन्हा तेल टाकलं. चहा निवला.

*

थोरलीचं काय झालं ते असं.

आदल्या डिसेंबरात ताई आठ दिवस सांगलीकडे गेली होती, वाईनरीच्या कामाला. मणी तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. तिचा एकर रस्त्याला लागून, सगळ्या गावाच्या नजरेत. लोक गाडी थांबवून म्हणायचे, "नाना, पोरीच्या बागेला पोटभर देत नाही काय हो?" बाकीच्यांच्या बागा फुगलेल्या, आणि ही खुरटलेली. नाना त्यावर हसायचे नाहीत. पंचवीस वर्षं त्यांनी मणी फुगवला होता. त्यांच्या थॉमसनची लांबी बघायला वणीहून माणसं यायची.

ताई गेली त्याच दिवशी त्यांनी बारा बाया लावल्या. जिबरेलिक आम्लाचं पाणी बादल्यांत केलं. शेतकरी त्याला नुसतं जीए म्हणतात. खायच्या द्राक्षाला सगळेच लावतात. मणी लांबतो, फुगतो. बायांनी प्लास्टिकच्या मगांत ते पाणी घेऊन एकेक घड त्यात बुडवून काढला. दोन दिवस लागले. दुपारी त्या बायांना पाणी द्यायला मीच गेले होते. मला वाटलं, ताईने सांगितलं असेल. मी विचारलं नाही.

ती परत आली तेव्हा नानांनी तिला चहासुद्धा पिऊ दिला नाही. थेट बागेत नेलं. एक घड तळहातावर तोलून धरला.

"बघ. आता कुणाची काही म्हणायची टाप नाही."

ताईने एक मणी दोन बोटांत धरून फिरवला. "नाना, काय लावलं याला?"

"थॉमसनला लावतो तेच. थोडं कमीच लावलं. तुझ्या बागेला सवय नाही म्हणून."

"वाईनला मणी बारीक लागतो."

"बारीक मणी कुणाला लागतो?"

"मला. रंग सालीत असतो, नाना. वास सालीत, तुरटपणा सालीत अन् बीत. मणी जेवढा लहान तेवढी साल जास्त. हा फुगला. आता आत नुसतं पाणी."

नाना हसले. त्यांना वाटलं तिला संकोच वाटतोय. "बायांची मजुरी मी दिली," ते म्हणाले. "तू ते मनात आणू नको."

वाईनरीने तिला त्या वर्षी वाईन करायची एक टाकी देऊ केली होती, तिच्या स्वतःच्या बागेच्या द्राक्षांसाठी. फेब्रुवारीत तिथले साहेब आले. त्यांनी एक मणी चावला, बी थुंकली, "खायला छान आहे" म्हणाले आणि गेले. पुढच्या वर्षी जीए न लावलेला माल असेल तर बघू, एवढं जाताना सांगितलं.

त्या रात्री जेवताना ताई म्हणाली, "एकदा विचारायचं होतं."

"तुझ्यासाठीच केलं ना."

"माझ्यासाठीच करता. मला विचारून नाही."

आईने वाढलेली भाकरी तिने तशीच ठेवली. मे महिन्यापर्यंत दोघं एका घरात राहिली आणि एकमेकांशी माझ्यामार्फत बोलली. "कुंदा, नानांना सांग, ठिबक बंद करा." "कुंदे, तिला सांग, केलं."

*

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता.

"आज तुडवलं, कुंदे. दगडी हौदात, गुडघ्यापर्यंत. सगळ्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायचे अन् कवायत केल्यासारखं चालायचं. माझे पाय जांभळे झालेत. साबणानं जात नाहीत."

"गाणी म्हणतात का?"

"पहिले दोन तास नाही. नंतर म्हणतात. मला म्हणाले, तुमच्याकडचं काहीतरी म्हण. मला दुसरं काही आठवेना. आरती म्हटली."

"वाईन करताना?"

"टाळ्या पण वाजवल्या त्यांनी. नानांना सांगू नको." मग ती म्हणाली, "माझी शिराझ कशी आहे?"

"हिरवी आहे."

"हिरवा तर धोतराही असतो."

तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"हे लोक म्हणतायत, थांब. तीन वर्षं. महिनाअखेर सांगायचंय."

"मग?"

"तू डोळे तपास. अंदाजानं सांगू नको. जीए लागलेल्या वेलीत पुढच्या वर्षी बाळ्या जास्त होतात, माहितेय ना तुला? घड असले तर दिवाळीला येते अन् राहते. नसले तर त्या बागेचं अन् माझं संपलं."

"अन् आमचं?"

"तुमचं काय. तुम्ही आहातच."

*

काका गेल्यावर मी आणि नाना काड्या आणायला बागेत गेलो. ताईने शिकवलं होतं, सगळ्या ओळींतून घ्यायच्या, जाड बारीक सरमिसळ. शेतकरी तपासायला नेहमी पोसलेल्या काड्या आणतो आणि मग फसतो. नाना स्वतः अशा लोकांना हसायचे. पोरगी दाखवायला नेताना शेजारणीला पुढे करतात तसं, म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी एकामागून एक जाड काड्या कापल्या.

"नाना, बारीक पण घ्या."

"घेतो," ते म्हणाले, आणि पुन्हा जाड काडी कापली.

ओळीच्या टोकाला त्यांनी विचारलं, "तिचं काय चाललंय?" मी तुडवण्याचं सांगितलं. आरतीचं सांगितलं नाही. पाय धुण्याबद्दल त्यांनी विचारलं ते तेव्हाच.

"धुवत असतील," मी म्हणाले.

"थंडी वाजत असेल. द्राक्षाचा रस गार असतो." आणि काड्यांची मोळी काखेत मारून ते पुढे चालू लागले.

*

मी तेव्हा दिंडोरीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. सूक्ष्मदर्शक मात्र घरचा. ताईने एका बंद पडलेल्या शाळेकडून जुना घेतला होता. मधल्या खोलीत खिडकीशी मी तो मांडला.

डोळा तपासायचा म्हणजे काडीपासून खुडायचा, वरचे तपकिरी पापुद्रे काढायचे, आतला कापूस सुईने बाजूला करायचा आणि हिरवा गाभा ब्लेडने चिरून भिंगाखाली धरायचा. घड असेल तर फ्लॉवरचा तुरा असतो तसा गोळ्यागोळ्यांचा आकार दिसतो. बाळी असेल तर दोन टोकदार बोटं, गुळगुळीत. तपासलेला डोळा पुन्हा फुटत नाही. आत काय होणार होतं ते कळतं आणि ते व्हायचं राहून जातं.

काडी पहिली. बुडाचा पहिला डोळा मोजत नाहीत. दुसरा बाळी. तिसरा बाळी. चौथा बाळी. पाचवा घड, लहान. सहावा मेलेला.

काडी दुसरी. बाळी, बाळी, बाळी, बाळी. पुढच्या डोळ्यात काय आहे ते मला सांगता येईना. वीस मिनिटं बघत राहिले. बाळी.

एकतीस डोळे झाले तेव्हा वहीत तीन घड होते. सगळ्या जाड काड्या होत्या. जूनमध्ये पंधरा दिवस आभाळ होतं, तेही असेल. पण ते थॉमसनवरही होतं, आणि थॉमसनचं असं झालं नव्हतं. मला मगातलं पाणी आठवलं, आणि माझ्या हातातला पाण्याचा हंडा.

नाना आत आले. खुर्ची न ओढता खाली पाटावर बसले. मग उठले.

"मला दाखव."

मी सरकले. बत्तिसावा डोळा भिंगाखाली होता. नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकले. बराच वेळ त्यांना नुसता उजेड दिसला. मी चाक फिरवून दिलं.

"आलं," ते म्हणाले. "हे काय म्हणायचं?"

दोन टोकदार बोटं. गुळगुळीत.

"घड," मी म्हणाले.

"असा दिसतो?"

"असाच दिसतो."

"बारीक आहे."

"आत बारीकच असतो, नाना."

ते तसेच वाकून राहिले. त्यांच्या मानेवर ऊन पडलं होतं, माळेचे मणी घामाने चिकटले होते. डोळ्याला पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पुन्हा बघितलं.

"लिही मग," ते म्हणाले.

मी लिहिलं.

*

पाहिलं बाळी, लिहिलं घड. पाहिलं बाळी, लिहिलं घड. पाहिलं मेलेला, लिहिलं बाळी, कारण सगळेच घड कसे असतील. पाहिलं घड. हा मी जरा जास्त वेळ बघितला. लिहिलं घड.

नाना दुपारभर पाटावर बसून होते. मधेच विचारायचे, "हा?" मी सांगायचे. ते मान हलवायचे.

शंभर डोळ्यांत मी आठ घड पाहिले. संध्याकाळी वहीचं पहिलं पान फाडून चुलीत टाकलं आणि कोऱ्या कागदावर नवा तक्ता आखला. शंभरात चौसष्ट. सत्तर लिहिणार होते, पण सत्तर नीट वाटेना. खाली सही केली, तारीख घातली.

काकांनी कागद उलटसुलट करून बघितला. "चौसष्ट?"

"चौसष्ट."

"नीट बघितलंस ना? डोळा मारून नाही ना बघितलं?"

"दगू," नाना म्हणाले, "मी पण बघितलं."

काकांनी कागद परत दिला आणि मोबाईलवर कलमवाल्यांना दुसऱ्या गावी जायला सांगितलं.

ताईला मी फोनवर नुसता आकडा सांगितला.

"शंभरात?"

"शंभरात."

"तू मोजलेस?"

"मी मोजले."

मग ती म्हणाली, "मग वेल माझ्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली," आणि मग, "दिवाळीला येते."

*

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटणी झाली. शिराझ नानांनी एकट्याने छाटली. डोळ्यांना फुटायचं औषध लावायला मात्र मला बरोबर घेतलं. पेल्यात औषध, स्पंजचा तुकडा, एकेक डोळा चोळायचा. आठव्या-नवव्या दिवशी डोळे कापसासारखे फुलले. पंधराव्या दिवशी फुटी बोटभर झाल्या. तिसऱ्या-चौथ्या पानासमोर घड निघतो. मी रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी बागेत जायचे.

ओळीच्या ओळी, जवळजवळ प्रत्येक फुटीवर, चौथ्या पानासमोर बाळी. वाऱ्याने हलायची आणि धरायला काहीतरी शोधायची.

नाना फुटी तारेला बांधत राहिले.

*

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ताई आली. स्टँडवरून रिक्षाने मळ्यापर्यंत, आणि पिशवी ओट्यावर टाकून सरळ बागेत. मी मागे. नाना तिसऱ्या ओळीत होते. तिला बघून त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

ताई पहिल्या ओळीतून चालत गेली. एक फूट उचलून बघितली. दुसरी. वीस-पंचवीस वेली तिने तशा बघितल्या.

"घड होते," नाना म्हणाले. फेब्रुवारीनंतर ते पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलत होते. "मी स्वतः बघितले भिंगातून. कुंदाचं काही चुकलं नाही. फुटल्यावर माझ्याच हातून पाणी जास्त झालं. जिरले सगळे."

घड जिरतात, हे खरं आहे. फुटीच्या वेळी पाणी जास्त झालं, आभाळ आलं, तर आलेला घडही बाळी होऊन जातो. पण जिरलेल्या घडाच्या टोकाला दोनचार कळ्या तरी अडकलेल्या दिसतात. जन्मापासूनची बाळी नितळ असते.

ताईने एक बाळी बुडापासून टोकापर्यंत दोन बोटांतून ओढली. मग दुसरी. तिची नखं अजून जांभळी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे.

"हो," ती म्हणाली. "पाणी जास्त झालं असणार."

"मला वाटलं, जमीन भारी आहे, धरेल."

"पुढच्या वेळी विचारून द्या."

"कुणाला विचारू? तुझा फोन कुठं येतो मला?"

"येईल," ताई म्हणाली.

*

दगूकाका फराळाला आले ते हिशेबालाच बसले. "दादा, शब्द दिला होतास. घड नाहीत."

"शब्द डोळ्यांचा होता. डोळ्यांत घड होते. कुंदीनं लिहून दिलंय, सही आहे." नानांनी खिशातून तो कागद काढला. तो त्यांनी घडी करून जवळ ठेवला होता, मला माहीत नव्हतं. "बाहेरच्या देशात वेली चार महिने झोपतात म्हणे. आपली एक वर्ष झोपू दे."

"झोपायला काय ती पाहुणी आहे?"

"खा रे अनारसा," नाना म्हणाले.

*

ताई बारा दिवस राहिली. शेवटच्या दुपारी आम्ही दोघी गच्चीवर केस वाळवत होतो.

"खरे किती होते?" तिने विचारलं.

"आठ."

"हं."

"रागावलीस?"

"आठ बरे आहेत. मला वाटलं होतं एकही नसेल."

"मग आलीस कशाला?"

तिने केस पाठीवर टाकले. "तू चौसष्ट म्हणालीस म्हणून."

मी तिला थांब म्हणाले नाही. नदीकाठच्या त्या लोकांनी तिची जागा अजून भरली नव्हती, ते तिने आदल्या दिवशी आईला सांगताना मी ऐकलं होतं. तिने बॅगेत माझी एक जुनी ओढणी टाकली, मला न विचारता. मी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

*

पुढच्या एप्रिलपासून पोर्तुगालहून तिचा फोन नानांच्या मोबाईलवर येऊ लागला. नानांना फोन कानापासून लांब धरून ओरडायची सवय होती, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. "हो, चार पानं काढली. पूर्वेकडची. सकाळचं ऊन येतं आता डोळ्यावर. हो. अगं बाई, विचारूनच देतोय पाणी." कधीकधी नुसतंच "हं, हं" आणि मग, "तिकडं पानं लाल झाली का?"

माझा फोन आठ-आठ दिवस वाजायचा नाही. मी तो हातात घेऊन बघायचे, रेंज आहे का.

त्या सप्टेंबरात मी पुन्हा शंभर डोळे तपासले, सरमिसळ काड्यांचे. एक्कावन्न घड. जसे पाहिले तसे लिहिले. वाईनरीची गाडी फेब्रुवारीत आली. मणी वाटाण्याहून लहान होता. नानांनी सगळ्या गावाला तो तळहातावर घेऊन दाखवला.

शिराझ अजून आहे. ताई त्यानंतरच्या चौदा वर्षांत तीनदा आली, आठ-आठ दिवस. मी आता सिन्नरला असते. ऑक्टोबर जवळ आला की नाना काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने पाठवतात. मी अर्धं ब्लेड घेऊन खिडकीशी बसते. प्रत्येक डोळ्याच्या गाभ्यात काही दिसायच्या आधी एक क्षण नुसता पांढरा उजेड असतो, आणि त्या क्षणात मला हौदातून चालणारी माणसं दिसतात, खांद्यावर हात ठेवलेली. त्यांच्यात ती कुठली, ते ओळखता येत नाही.

*

हे मला फार उशिरा कळलं. दगूकाका ओट्यावर येऊन बसले त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी नाना मोटरसायकलवर पिंपळगावला गेले होते. तिथल्या एका प्रयोगशाळेत त्यांनी शिराझच्या काड्या तपासून घेतल्या. शंभर डोळ्यांत नऊ घड निघाले.